सीटच्या मागची जागा

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला एक जागा लहानपणापासून ठाऊक असते. रिक्षात बसताना हातात भाजीची पिशवी आहे, पाठीवर सॅक आहे, शिवाय स्टेशनबाहेर घेतलेलं काहीबाही आहे. मग आपण काय करतो? मागे वळूनही न बघता एकेक वस्तू सीटच्या पाठीमागच्या फळीवर सरकवतो. ती कुणी दाखवून दिलेली नसते. हात आपोआप तिकडे जातो. उतरताना छत्री तिथेच विसरायची, हाही त्या फळीचाच एक रिवाज. त्या फळीखाली रिक्षाचं इंजिन असतं. म्हणूनच डोंबिवली स्टेशनहून नेलेलं श्रीखंड घरी पोहोचेपर्यंत कोमट होतं, याचा अनुभव अनेकांनी घेतला असेल.

आज ज्या गाडीबद्दल बोलायचं आहे, ती रस्त्यावर रिक्षाइतकी दिसत नाही, पण तिची आणि रिक्षाची अडचण एकच आहे. दोघींना पक्कं छप्पर नाही, कापडी टप आहे. दोघींना मोटारीसारखी डिकी नाही. आणि दोघींत सामान ठेवायचं तर जागा एकच, सीटच्या मागे. ही गाडी म्हणजे रोडस्टर. दोन माणसांची, वरून उघडी, जमिनीलगत बसणारी. त्यातही कारखान्यात तयार झालेली नव्हे, तर सुटे भाग आणून जोडलेली. असा भागांचा संच विकत घ्यायचा आणि घरच्या गॅरेजमध्ये, सुट्टीच्या दिवशी, मित्रांच्या मदतीनं गाडी उभी करायची, हा छंद इंग्लंडमध्ये चांगलाच रुजला. त्याचं श्रेय बऱ्याच अंशी एका गाडीला जातं. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमन यांनी १९५७ मध्ये आणलेली ‘लोटस सेव्हन’ ही ती गाडी.

तिच्यामागे अभियांत्रिकी जितकी होती, तितकंच करांचं गणितही होतं. त्या काळी इंग्लंडमध्ये तयार मोटारीवर खरेदी कर लागे, सुट्या भागांच्या संचावर तो लागत नसे. अट अशी की सोबत जोडणीची पुस्तिका द्यायची नाही. त्यावर लोटसनं काढलेली पळवाट आजही गमतीनं सांगितली जाते. कंपनीनं जोडणीची नव्हे, गाडी खोलण्याची माहिती दिली. गिऱ्हाइकानं ती उलटी वाचावी, म्हणजे झालं! पुढं १९७३ मध्ये खरेदी कर जाऊन मूल्यवर्धित कर आला, पळवाट बुजली, आणि त्याच वर्षी या गाडीचे हक्क कॅटरहॅम या कंपनीकडे गेले. गाडी मात्र टिकली. जगभर तिच्या नकला झाल्या, आणि त्यातली एक आपल्या अगदी शेजारी झाली.

वडखळ नाक्यावरून अलिबागकडे निघालात की पोयनाड सोडल्यावर कार्लेखिंड लागते. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत तिथं चिंकारा मोटर्स या छोट्या कंपनीनं लोटस सेव्हनच्या वळणाची रोडस्टर बनवली. गिडो आणि शमा बोथे या दाम्पत्याचा हा उद्योग. अंग फायबरचं, आणि इंजिन इसुझूचं १.८ लिटरचं, म्हणजे आपल्या काँटेसा क्लासिक आणि अॅम्बॅसडरमध्ये बसत होतं तेच. काँटेसाचं जड धूड ओढणारं इंजिन अशा हलक्या गाडीत घातल्यावर ती कशी उधळत असेल, याची कल्पना करावी. त्याच सुमारास गोव्यात सॅन मोटर्सची ‘स्टॉर्म’ ही दोन माणसांची उघडी गाडी तयार होत होती. तिचंही अंग फायबरचंच, इंजिन रेनोचं. आणि त्याआधी कितीतरी वर्षं, १९४९ च्या सुमारास, इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी स्वतःच्या हिंमतीवर ‘मीरा’ या छोट्या मोटारीचा पहिला नमुना केला होता. मोटार ही फक्त बड्या कारखान्यातच बनते, असं मानायला आपण मराठी माणसांनी तरी तयार होऊ नये.

ठाणे जिल्ह्याला तर ते मुळीच शोभणार नाही. कल्याण-शीळ रस्त्यावर, डोंबिवलीजवळ, प्रीमियर कंपनीचा मोटार कारखाना होता. १९९० च्या दशकात तिथं पीजो ३०९ ही फ्रेंच मोटार बनली. आता त्या कारखान्याचं नाव तेवढं उरलं आहे. पण पत्र्याचं, फायबरचं, रेक्झीनचं काम करणारे हात या पट्ट्यात आजही आहेत, आणि ते हात लागतील अशीच ही गोष्ट आहे.

तर प्रश्न असा. दोन माणसं अशा गाडीतून ठाण्याहून अलिबागला किंवा कल्याणहून माळशेजला निघाली, रात्रीचा मुक्काम करायचा आहे. कपड्यांच्या दोन बॅगा, पाण्याच्या बाटल्या, जॅक-पाना हे सगळं ठेवायचं कुठं? शेजारच्या माणसाच्या मांडीवर काय काय द्यायचं, यालाही मर्यादा असते. नजर साहजिकच सीटच्या मागे जाते. तिथं एक खळगा दिसतो. त्यावर फळी टाकली, चार बोल्ट मारले, की झालं काम, असं वाटतं.

पण तो खळगा रिकामा नसतो. फक्त तो भरलेला आहे हे वरून दिसत नाही.

लोटस सेव्हनच्या घराण्यातल्या गाड्यांत पेट्रोलची टाकी सीटच्या मागे, मागच्या अॅक्सलच्या आसपास असते. टाकीकडून इंजिनाकडे पेट्रोलची नळी जाते. मागच्या चाकांच्या ब्रेकची नळी तिथूनच जाते. मागच्या दिव्यांच्या वायरी, टाकीतलं पेट्रोल दाखवणाऱ्या काट्याची वायर, सगळं त्याच बाजूला. गाडी उलटली तर डोकं वाचावं म्हणून सीटमागे जी लोखंडी कमान असते, तिचे तिरपे आधार त्याच जागेत खाली उतरतात. खांद्यावरून येणाऱ्या सीटबेल्टचे बोल्ट तिथंच. आणि टप खाली केला, की त्याच्या कांबींसकट त्याची घडी बसायची जागाही तीच. म्हणजे आपल्याला मोकळी वाटते ती जागा सहा-सात बिऱ्हाडांची चाळ आहे. आपण सातवं-आठवं बिऱ्हाड आत घालतो आहोत, तेव्हा आधीच्यांना विचारूनच घालायला हवं.

म्हणून पहिलं काम हत्यारांचं नव्हेच, ते पुठ्ठ्याचं आहे. किराणा दुकानातून दोन मोठी खोकी आणावीत आणि ती कापून, चिकटपट्टीनं जोडून, ज्या आकाराची जागा हवी आहे त्याचा साचा गाडीतच उभा करावा. मापं घेताना सीट पूर्ण मागे सरकवलेली असावी आणि तीत घरातल्या सर्वांत उंच माणसाला बसवावं. अनेकदा गफलत इथंच होते. गाडी उभी असताना, सीट पुढे ओढलेली असताना मापं घेतली जातात, खोकं छान बसतं, आणि मग चालवणाऱ्याचे गुडघे स्टिअरिंगला लागतात. कागदावर ९० सेंटिमीटर रुंद, ३५ खोल आणि २५ उंच असा चौकोन काढला की जवळजवळ ७९ लिटर जागा दिसते आणि माणूस हरखतो. प्रत्यक्षात सीटची पाठ तिरपी असते, मधून कमानीचा आधार गेलेला असतो, बाजूला चाकावरचा घुमट असतो. हाती येते ती जागा पाचरीच्या आकाराची. तीत टणक सूटकेस बसत नाही, मऊ पिशवी बसते. म्हणून माझं प्रांजळ मत असं आहे की कप्पा गाडीप्रमाणे करावा आणि पिशवी कप्प्याप्रमाणे शिवून घ्यावी. आपल्याकडच्या सूटकेसला जागा व्हावी म्हणून गाडी कापणं हा उलटा उद्योग झाला.

साचा बसला की दोन गोष्टी डोळ्यांनी पाहाव्यात. पेट्रोलच्या टाकीचं झाकण, नळ्यांचे सांधे, वायरींचे जोड यांच्यापर्यंत कप्पा बसवल्यावरही हात जातो का? नळीचा सांधा पाझरू लागला आणि तो पाहायला अख्खी फळी उखडावी लागली, तर कुणी पाहणारच नाही. आणि दुसरी गोष्ट सीटबेल्टची. बेल्ट लावून बसावं आणि तो खांद्यावरून मागच्या बोल्टपर्यंत सरळ जातो की खोक्याच्या कडेवर चढून जातो, ते बघावं. कडेवर घासणारा बेल्ट हळूहळू झिजतो, आणि अपघाताच्या क्षणी खोकं दबलं तर तेवढा बेल्ट ढिला पडतो. बेल्टचा किंवा कमानीचा बोल्ट आयताच मिळतो म्हणून त्यालाच फळी अडकवायचा मोह होतो. तो टाळावा. ते बोल्ट माणसासाठी आहेत, सामानासाठी नव्हेत.

आता थोडं गणित. ते टाळता येणार नाही, कारण या सगळ्या उद्योगात खरी जोखीम कुठं आहे ते त्यातूनच कळतं.

बहुतेक लोक काळजी करतात ती वजनाची. मागे सामान भरलं तर गाडीचं तोंड हलकं होऊन ती रस्ता सोडेल, अशी भीती असते. समजा, गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यात सव्वादोन मीटर अंतर आहे आणि आपण ३० किलो सामान मागच्या अॅक्सलच्या ४५ सेंटिमीटर मागे ठेवलं. तराजूच्या नियमानं पुढच्या चाकांवरचा भार सहा किलोनं कमी होतो आणि मागच्यांवरचा छत्तीस किलोनं वाढतो. गाडी सहाशे किलोची धरली, तर सहा किलोनं काही आभाळ कोसळत नाही. तेच सामान बरोबर अॅक्सलवर ठेवलं तर पुढचा भार अजिबात हलत नाही. उलट मागे लोखंडी स्टँड काढून, अॅक्सलपासून पाऊण मीटर दूर, स्टेपनीसकट ४५ किलो टांगले तर पुढून पंधरा किलो निघून जातात आणि मग पावसाळी रस्त्यावर वळण घेताना ते जाणवू लागतं. तेव्हा सामान जितकं पुढे आणि जितकं खाली, तितकं बरं. एवढं पाळलं की वजनाची काळजी फारशी उरत नाही.

खरी काळजी वेगळीच आहे, आणि ती फार थोडे लोक करतात. सामान सुटण्याची. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगात आहे, म्हणजे सेकंदाला जवळजवळ चौदा मीटर. ती एखाद्या अडथळ्यावर आदळली आणि साधारण ६५ सेंटिमीटर अंतरात थांबली. त्या क्षणी गाडीतली प्रत्येक वस्तू आपल्या वजनाच्या सुमारे पंधरा पट जोरानं पुढे धाव घेते. दहा किलोची बॅग दीडशे किलोच्या जोरानं सीटच्या पाठीवर येते. चार किलोचा जॅक साठ किलोच्या जोरानं येतो, आणि तो बॅगेसारखा मऊ नसतो. मोटारीत निदान मागची सीट मध्ये असते. रोडस्टरमध्ये सामान आणि आपली मान यांच्यामध्ये एका पातळ पाठीशिवाय काही नाही. मागे बसलेल्या माणसानं बेल्ट लावला नाही तर काय होतं, हे सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ झालेल्या, उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा बळी घेणाऱ्या अपघातानं साऱ्या देशाला दाखवलं. माणसाला लागू असलेला नियम बॅगेलाही लागू आहे.

यातून कामाची दिशा ठरते. कप्प्याची पुढची बाजू, म्हणजे सीटकडची भिंत, सर्वांत भक्कम हवी. लोक उलट करतात. तळ जाडजूड करतात, कारण वजन खाली पडणार असं वाटतं, आणि पुढची बाजू रेक्झीननं झाकून मोकळी सोडतात. तळाला एकपट वजन सोसायचं आहे, खड्ड्यात आदळली तर फार तर तीन-चार पट. पुढच्या भिंतीला पंधरा पट सोसावं लागेल. शिवाय आत दोन पट्टे हवेत, बॅग आवळून बांधायला, आणि त्या पट्ट्यांच्या कड्या फळीला नव्हे, चासीच्या पोलादी नळीला पकडलेल्या हव्यात. जॅक आणि पाने या कप्प्यात ठेवूच नयेत. त्यांना खाली, सीटच्या उंचीच्या खूप खाली, कापडात गुंडाळून, क्लॅम्पनं आवळून जागा द्यावी.

आता चासीला कड्या पकडायच्या म्हणजे भोकं आली. नळीला भोक पाडायची खरं तर गरज नसते. नळीभोवती बसणारा दोन तुकड्यांचा क्लॅम्प मिळतो, आत रबराची पट्टी घालून तो आवळता येतो आणि नको झाला तर काढून टाकता येतो. फायबरमध्ये किंवा अॅल्युमिनियमच्या पत्र्यात भोक पाडायचंच असेल, तर आधी पलीकडे काय आहे ते हातानं चाचपून, आरशानं बघून खात्री करावी. ड्रिलच्या टोकाला, हवी तेवढी लांबी सोडून, चिकटपट्टी गुंडाळावी, म्हणजे ते किती आत गेलं ते कळतं. बॅटरीची ऋण बाजूची वायर सोडून ठेवावी. आणि टाकीच्या जवळपास वेल्डिंग नाही म्हणजे नाही. ‘टाकी रिकामी केली आहे, आता काय भीती?’ असं म्हणणारे असतात. रिकामी टाकीच जास्त धोक्याची, कारण तीत पेट्रोलची वाफ आणि हवा यांचं मिश्रण भरलेलं असतं, आणि पेट घेते ती वाफ. टाकी काढून गाडीपासून दूर ठेवणं आणि मग वेल्डिंग करणं, किंवा वेल्डिंगचा विचारच सोडून बोल्टनं काम भागवणं, हे दोनच मार्ग आहेत.

फायबरचं दुखणं वेगळं. पत्र्यात बोल्ट मारला आणि ओढ बसली तर पत्रा वाकतो, म्हणजे निदान इशारा तरी देतो. फायबर वाकत नाही, भोकाभोवती तारे फुटल्यासारख्या भेगा पडतात आणि एके दिवशी बोल्ट वायसरसकट निखळून येतो. उपाय सोपा आहे. बोल्टचा जोर मोठ्या भागावर पसरवायचा. भोकाच्या मागे हाताच्या पंजाएवढी अॅल्युमिनियमची किंवा प्लायची पट्टी लावायची, रुंद वायसर घालायचे, आणि हिसक्यांनी सैल न होणारे नायलॉक नट वापरायचे. कप्पाच फायबरचा करून अंगाला चिकटवायचा असेल, तर जिथं चिकटवायचं आहे तो भाग खरखरीत घासून, धूळ आणि तेल पुसून, मग त्यावर मॅटचे थर आणि रेझिन चढवावं. चकचकीत भागावर लावलेलं रेझिन वाळतं झकास, आणि पापुद्र्यासारखं निघूनही येतं झकास. हे काम करणाऱ्या प्रत्येक घरगुती कारागिरानं एक गोष्ट लक्षात ठेवावी. रेझिनबरोबर दोन बाटल्या मिळतात, हार्डनर आणि अॅक्सिलरेटर. या दोन्ही एकमेकींत थेट कधीही ओतायच्या नाहीत, स्फोट होऊ शकतो. एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळून झाल्यावरच दुसरी घालायची. आणि हे काम जुलैत काढू नये. हवेत ओल असली की रेझिन नीट पकडत नाही, चिकट राहतं. दिवाळीनंतरचे कोरडे महिने त्याला उत्तम.

पावसाचा विषय निघालाच आहे, तर इथं इंग्लंडचे नकाशे आणि पुस्तकं आपल्याला पुरी पडत नाहीत. तिथला पाऊस भुरभुरतो, आपला कोसळतो. कापडी टपाच्या शिवणीतून, बाजूच्या पडद्यांच्या फटींतून पाणी येणारच. ते अडवण्याच्या नादाला लागण्यापेक्षा येऊ द्यावं आणि जाऊ द्यावं. कप्प्याच्या तळाला, सर्वांत खालच्या कोपऱ्यांत, पाणी निघायला भोकं ठेवावीत. त्यातून निघालेलं पाणी वायरींच्या जोडांवर पडत नाही, एवढं बघावं. तळापासून दहा-बारा मिलिमीटर वर पट्ट्यांची जाळी ठेवून तिच्यावर सामान ठेवावं. पाटावर ठेवलेली भांडी जशी कोरडी राहतात, तसंच. प्लाय वापरायचा तर साधा नको, आयएस ७१० चा मरीन प्लाय घ्यावा आणि कापलेल्या कडांना रेझिन किंवा वॉर्निश पाजावं, कारण प्लाय फुगायला लागतो तो कडेकडून. कार्पेट लावायचा मोह तर अगदी टाळावा. पहिल्या पावसाळ्यानंतर त्याचा वास गाडी विकेपर्यंत जात नाही.

एक गंमत अशी की टपाची घडी आणि सामान यांची भांडणं आपल्याकडे ऋतूनुसार आपोआप मिटतात. पावसाळ्यात टप वर चढवलेलाच असतो, म्हणून त्याची मागची जागा मोकळी. हिवाळ्यात टप घरी ठेवून निघता येतं, म्हणून तेव्हाही मोकळी. पंचाईत होते ती मे अखेर आणि ऑक्टोबरात, जेव्हा सकाळी कडक ऊन आणि संध्याकाळी विजांसह सर. त्या दिवसांत टपही हवा आणि बॅगही हवी. त्यावर उपाय म्हणजे टपाच्या घडीसाठी कप्प्याच्या वरच्या भागात चार बोटांची उंची आधीच राखून ठेवणं.

कायद्याचं काय, असं कुणीही विचारील, आणि विचारायलाच हवं. सुटे भाग जोडून केलेली गाडी इंग्लंडमध्ये रस्त्यावर आणायची तर तिची एकेकट्या गाडीसाठी असलेली सरकारी तपासणी होते. आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे, आणि त्याखालचे केंद्रीय नियम १९८९ चे. या नियमांनुसार वाहनाच्या नमुन्यालाच पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून मंजुरी घ्यावी लागते. ते काम उत्पादकाचं. घरच्या गॅरेजमध्ये एकच गाडी बनवणाऱ्या हौशी माणसाला ते जवळजवळ आवाक्याबाहेरचं आहे. आपल्याकडे असे छंद फोफावले नाहीत, त्यात हौसेपेक्षा या गोष्टीचा वाटा मोठा आहे, असं मला वाटतं. नोंदलेल्या गाडीतही हवे ते बदल करता येत नाहीत. कायद्याचं ५२ वं कलम त्यासाठीच आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की उत्पादकाच्या मूळ नमुन्याशी विसंगत असे बदल चालणार नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आली. टाकी हलवणं, चासीची नळी कापणं, सीटबेल्टची जागा बदलणं या गोष्टी त्यामुळे डोक्यातून काढून टाकाव्यात, आणि शंका असेल तर काम सुरू करण्याआधी आपल्या परिवहन कार्यालयात विचारावं. ठाण्याचं एमएच-०४ काय किंवा कल्याणचं एमएच-०५ काय, आधी विचारलेल्या प्रश्नाचा दंड होत नाही. काहीही न कापता, क्लॅम्पवर बसणारा आणि पान्यानं सोडवून बाहेर काढता येणारा कप्पा करावा, असं मी पुन्हा पुन्हा सांगतो, त्याचं हेही एक कारण आहे.

‘आमच्याकडे रोडस्टर नाही, साधी मोटार आहे,’ असं म्हणून काही जणांनी इथवर कान बंद केले असतील. त्यांनी आपली डिकी उघडून पाहावी. महानगर गॅसचे पंप ठाणे-कल्याण भागात आले, रिक्षा आणि टॅक्सींमागोमाग घरगुती मोटारींतही सीएनजी आला, आणि डिकीत लोखंडी सिलिंडर येऊन बसला. मागच्या सीटच्या पाठीमागे, आडवा. साठ लिटरचा सिलिंडर म्हणजे अर्धी डिकी गेली. मग लोक त्याच्यावर आणि त्याच्यापुढे फळ्या टाकून जागा काढतात. इथंही प्रश्न तोच आहे, सीटमागे आधी कोण राहतं त्याचा. सिलिंडरचा झडपेचा खटका हाताला लागेल असा उघडा हवा, कारण गॅसचा वास आला तर तो चटकन बंद करता आला पाहिजे. त्याच्यापुढे गच्च पेटी बसवली की तो गेलाच. दर तीन वर्षांनी सिलिंडरची दाबचाचणी असते, तेव्हा तो काढता-घालताही आला पाहिजे. सिलिंडरच्या पट्ट्यांना किंवा कंसांना फळीचे बोल्ट अडकवणं तर अगदीच नको.

मे २०२३ मध्ये टाटांनी अल्ट्रोझ या मोटारीत जे केलं, ते या दृष्टीनं पाहण्यासारखं आहे. साठ लिटरच्या एका सिलिंडरऐवजी त्यांनी तीस-तीस लिटरचे दोन घेतले आणि ते डिकीच्या तळाखाली झोपवले. गॅस तेवढाच, जागा मात्र वापरता येण्याजोगी उरली. त्यांनी जागा नवी आणली नाही, आहे तिचीच मांडणी बदलली. आपल्याला घरी सिलिंडर बदलता येत नाही आणि येऊही नये, पण मांडणीचा विचार करायला काय हरकत आहे?

कप्पा बसवून झाला की लगेच लांबच्या प्रवासाला निघू नये. आधी रिकाम्या कप्प्यानिशी घराजवळच एक फेरी मारावी आणि कान उघडे ठेवावेत. खडखड झाली तर क्लॅम्प सैल आहे, करकर झाली तर फळी कुठंतरी फायबरला घासते आहे. मग तांदळाच्या किंवा वाळूच्या पिशव्या, ठरवलेल्या वजनाएवढ्या, पट्ट्यांनी बांधून पुन्हा फेरी. मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर, मागे कुणी नाही असं पाहून, एकदा जोरात ब्रेक दाबावा. पिशव्या सरकल्या तर पट्टे बदलायला हवेत. सरकल्या नाहीत तरी पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळावेत. आपल्या रस्त्यांवर ते थोडे सैल झाले नाहीत, तर आश्चर्य मानावं.

राहिलं वरचं झाकण. त्याला लाकडाचं किंवा फायबरचं दार करायची गरज नाही. वजन वाढतं, बिजागऱ्या वाजतात, आणि आदळआपट झाली तर तेच दार डोक्यामागे येतं. कापडी झाकण उत्तम. रिक्षाचे टप आणि सीट शिवणारे कारागीर आपल्याकडे आहेत. जाड रेक्झीन, दुहेरी शिवण आणि कडेला टिचबटणं हे त्यांचं रोजचं काम. पुठ्ठ्याचा साचा जपून ठेवला असेल तर तोच त्यांना द्यावा, तोंडी मापं सांगत बसू नये. मौल्यवान वस्तूंना मात्र हे झाकण पुरणार नाही. स्टेशनजवळ गाडी लावून लोकल पकडणार असाल, तर पिशवी सोबत न्यावी, हे बरं. आणि टिचबटणं ठोकायला कारागिराला सकाळी लवकर बोलवावं. रेक्झीन दुपारच्या उन्हात सैलावतं, थंडीत आखडतं. मे महिन्यात भर दुपारी ताणून ठोकलेली बटणं डिसेंबरच्या पहाटे दोन बोटं लांब राहतात आणि कितीही ओढलं तरी लागत नाहीत.